आजोबांच्या चाकूचा जौहर

पाटोदे, आश्विन वद्य तृतीया, शके १८४९

तीर्थस्वरूप मामांच्या पायांशी तुळजाचा नमस्कार.

आपणांस पत्र लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे मी जाणते. वय सतराचे, त्यात मुलीची जात, आणि त्यातून ज्या घरचे पाणीही आपण पाच वर्षे घेतलेले नाही त्या घरची मुलगी. एवढी धिटाई केल्याबद्दल प्रथम क्षमा मागते. पाकिटावरचा पत्ता आमच्या शाळेच्या रामहरी मास्तरांच्या हातचा आहे. आमच्या घरचे अक्षर ओळखून आपण पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल, या भयाने तो त्यांच्याकडून लिहवून घेतला. त्याचीही क्षमा असावी. यापुढे मात्र क्षमा मागणार नाही. कारण पुढे जे लिहायचे आहे, त्यात मान खाली घालण्यासारखे काही नाही.

मामा, आजोबांचा चाकू आमच्या घरी आहे. तोच आहे. बाबांनी तो विकला नव्हता, बदललाही नव्हता.

धोंडीरामदादाच्या लग्नात मी बारा वर्षांची होते. मांडवाच्या खांबाला धरून उभी होते व सर्व पाहत होते. जे पाहिले ते लिहिते. चुकत असेल तर आपण दुरुस्त करावे. नवरदेवाच्या हाती चाकू द्यावा आणि त्याच्या टोकाला मामाने लिंबू खोचावे, ही आपल्या दोन्ही घरांची रीत. आजोबांनी आईच्या लग्नात स्वतःच्या कमरेचा मिटता चाकू काढून बाबांच्या हाती दिला होता. नातवाच्या लग्नातही तोच निघावा, असे ते म्हणत असत. ते आदल्याच वर्षी गेले होते. आपण लिंबू घेऊन पुढे आलात, चाकू उघडलात, आणि पाते आरशासारखे पांढरे निघाले. आजोबांच्या चाकूचे पाते तसे नव्हते. ते करडे होते आणि त्याच्या सर्वांगावर, तळ्यावरून वारा जावा तसे, बारीक तरंग होते. त्या तरंगांना जौहर म्हणतात, हे मला आता ठाऊक आहे.

आपण भर मांडवात विचारलेत, “ह्यो आमचा चाकू न्हाई, सुंदरराव. आमचा कुठं इकलात?”

बाबा म्हणाले, “शिकलगाराच्या चाकाला लावून आनलाय. पात्यावर गंज चढलता.”

“गंज? जौहराला गंज म्हन्ता? आन् जौहर चाकानं जातोय व्हय? ती काय वरून काढलेली रांगोळी हाय?”

“मंग मी चोर हाय म्हना की.”

“म्या न्हाई म्हनलं. तुमीच म्हनलात.”

लिंबू चौरंगावर ठेवून आपण गाडी जुंपलीत. चाकू आपण नेला नाहीत. जो आपला नाही तो कशाला न्यावा, असे आपणांस वाटले असेल. त्या दिवशी आई आपल्या गाडीमागे वेशीपर्यंत चालत गेली होती, हे आपणांस ठाऊक नसावे. परत आल्यावर तिने देवापुढे पाण्याचा तांब्या ठेवून शपथ घेतली की, “माजा नवरा चोर न्हाई, असं माजा भाऊ राधू सवताच्या तोंडानं म्हनंल, तवाच सिरसाळ्याची वाट धरीन.” तेव्हापासून तिने माहेर पाहिलेले नाही. आजीला दिसत नाही, आजीचे गुडघे गेले, असे बाजारात कोणी सांगितले की ती ऐकून घेते आणि कामाला लागते. माझे लग्नही त्यापायीच अडले आहे. मामाशिवाय मुलगी उजवायची नाही असे ती म्हणते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या अवधीत मी रामहरी मास्तरांच्या कपाटातील झाडून सारी पुस्तके वाचली, आणि शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मुलगे धरून सर्वांत पहिली आले.

आता चाकूविषयी. मला चाकूंचा नाद आहे, हे आपण ऐकले असेल. लोक ते निंदेने सांगतात. त्याची सुरुवात बोरूपासून झाली. शाळेत बोरू तासायला मुलांना चाकू मिळे, मुलींना मिळत नसे. आम्ही मुलांपुढे हात पसरायचा. म्हणून मी तहसिलीतल्या एका कारकुनाने फेकून दिलेला कलमतराश, म्हणजे बोरू तासायचा चाकू, उकिरड्यावरून उचलला. पाते गंजाने मुठीत धरून बसले होते. रात्रभर करडईच्या तेलात ठेवले, खिळा ठोकून सैल केला, राखेने घासले, पाट्यावर धार दिली. महिन्याभरात मुलेच आपले बोरू माझ्याकडे आणू लागली. तेव्हापासून मोडका चाकू दिसला की मी तो मागून आणते. एका धनगराचा पितळी मुठीचा आहे. एक शिंगाच्या मुठीचा, ज्याची पाते धरून ठेवणारी कमान तुटली होती. ती मी जुन्या घड्याळाच्या पट्टीची बसवली. त्यांतला एक रोज माझ्या कमरेच्या चंचीत असतो. तो उघडताना जो एकच स्पष्ट आवाज होतो, तो ऐकला की मला, का ते सांगता येत नाही, ताठ उभे राहावेसे वाटते.

आजोबांच्या चाकूला मात्र मी कधी हात लावला नव्हता. बाबांनी तो फडक्यात बांधून पेटीत टाकला होता. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, घरातली सर्व हत्यारे पूजेला मांडतात तेव्हा तो निघे. दुसऱ्या दिवशी बाबा न पाहता परत बांधून ठेवत. यंदा मी त्याच पाटावर सरस्वतीपुढे माझी दौत व बोरू मांडले. शाई मीच करते: हिरडा, बाभळीच्या शेंगा आणि हिराकस लोखंडी कढईत उकळून. पूजा झाली आणि मांजराने दौत लवंडली. शाई सरळ आजोबांच्या उघड्या पात्याखाली गेली. मी उचलायला धावले तर आईने हात धरला.

“मांडलेली पूजा हालवायची न्हाई.”

“आई, पाते खराब होईल.”

“आनखी काय खराब व्हायचं ऱ्हायलंय त्याचं?”

पूजा दुसऱ्या दिवशी उतरली. पाते काळे पडले होते. मी ते धुतले, पुसले, उन्हात तिरके धरले, आणि मामा, त्यावर तरंग होते. टोकापासून मुठीपर्यंत. जौहर गेलाच नव्हता. तो पोलादाच्या पोटात असतो. चाकाने वरचे अंग गुळगुळीत झाले की तो दिसेनासा होतो, आणि शाईतल्या हिराकसाने कोठे कमी कोठे अधिक खाल्ले की पुन्हा वर येतो. तो गंज आहे असे बाबांना वाटले, ते चूक. तो चाकाने झाकला जातच नाही असे आपणांस वाटले, तेही चूक. हे मी लहान तोंडी लिहीत आहे, पण खरे आहे म्हणून लिहीत आहे.

आपण येऊन पाहावे, एवढीच विनंती.

आपली भाची
तुळजा

---

पाटोदे, कार्तिक शुद्ध द्वितीया

तीर्थस्वरूप मामांना तुळजाचा नमस्कार.

आपले कार्ड पोचले. ते उघडे कार्ड असल्याने डाकवाल्याने दारातच मोठ्याने वाचून दाखवले, त्यामुळे मजकूर माझ्याआधी गल्लीला कळला. “शाईने वाटेल ते तरंग काढता येतात. मुलींनी चाकूशी खेळू नये. सुंदररावांनी पोरीला पुढे करू नये.” तीन वाक्ये आहेत. तिन्हींना उत्तर देते.

तिसऱ्यापासून सुरू करते. मला कोणी पुढे केलेले नाही. मी आपणांस लिहिले, हे बाबांना आपल्या कार्डामुळेच कळले. ते ओसरीवर दोर वळत होते. म्हणाले, “कारटे, कुनाला इचारून लिव्हलंस? पाच वरसांनी पुन्यांदा चोर केलंस मला.” मी आत जाऊन चाकू आणला आणि उघडून त्यांच्यासमोर धरला. पूजा उतरल्यावर मी तो गुपचूप बांधून ठेवला होता, म्हणून त्यांनी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी दोर खाली ठेवला. पाते पुष्कळ वेळ इकडून तिकडे फिरवले. मग एवढेच म्हणाले, “ह्योच. मला दिला तवा असाच व्हता.” आणि गुरांना पाणी पाजायला गेले, जरी गुरे नुकतीच पाणी पिऊन आली होती.

मुलींनी चाकूशी खेळू नये, हे मला मान्य आहे. मी खेळत नाही. गेल्या पोळ्याच्या आधी आमच्या शेजारच्या छबुबाईचा बैल विहिरीच्या उतारावर पाय घसरून पडला, जोताचा पट्टा त्याच्या गळ्यात आवळला आणि तो डोळे पांढरे करू लागला. चार पुरुष तेथे ‘विळा आना, विळा आना’ म्हणून ओरडत होते. चंचीतून चाकू काढून पट्टा मी कापला. त्यानंतर छबुबाई मला ‘चाकूवाली’ म्हणते, आणि ते नाव आता मला आवडू लागले आहे.

राहिले पहिले वाक्य. शाईने वाटेल ते तरंग काढता येतात काय, हे मी आपण सांगण्यापूर्वीच तपासले आहे. माझ्याजवळचे सर्व चाकू मी त्याच शाईत, तेवढाच वेळ ठेवले. सर्व काळवंडले, पुसल्यावर सपाट राखी झाले. एकावरही तरंग आला नाही. साध्या लोखंडाच्या पोटात जे नाही, ते शाई कोठून आणणार?

तरीही माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे मी म्हणत नाही. आजी दरवर्षी कार्तिक वद्य एकादशीला नारायणगडाला दर्शनाला येते. आम्हीही येऊ. आपण यावे, किंवा आपल्या भरवशाचा माणूस पाठवावा. मी सर्वांसमोर आजोबांचे पाते कुरुंदाच्या खरखरीत पुडीने घासून पुन्हा पांढरे करीन. माझ्या हातांवर संशय असेल तर आपल्याच माणसाने घासावे. मग त्याच्या डोळ्यांदेखत मी जौहर वर आणीन. आला नाही, तर बाबा आपल्या मांडवातल्या शब्दाला पुन्हा कधी उत्तर देणार नाहीत, असे मी त्यांच्याकडून वदवून घेतले आहे.

हे वदवून घेणे सोपे गेले नाही. ते म्हणाले, “एक डाव घासला तर पाच वरसं गेली. आता दुसऱ्यांदा घासायचा?” आई मात्र म्हणाली, “घासू द्या तिला. खरं हाय ते घासून जात न्हाई.”

आपली भाची
तुळजा

---

पाटोदे, कार्तिक वद्य अष्टमी

मामांना नमस्कार.

आपले उत्तर आलेले नाही. आम्ही उद्या पहाटे गाडी जुंपतो. सोबत आई, बाबा, मी, शाईची बाटली, कुरुंदाची पूड, राखेची पुरचुंडी आणि चाकू.

मला भीती वाटत नाही, असे लिहिणार होते. ते खोडले. काल सराव म्हणून शिंगाच्या मुठीचा चाकू घासू लागले तर कुरुंदाची पूड सांडली. पण पूड सांडली म्हणून जे पाहिले ते खोटे ठरत नाही.

तुळजा

---

पाटोदे, कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १८४९

तीर्थस्वरूप मामांना तुळजाचा साष्टांग नमस्कार.

आपण आला नाहीत. आजीबरोबर आपण सटव्याला पाठवलेत. तो आपल्या घरी बापाच्या वेळेपासून आहे, आजोबांची घोडीही त्याने धरलेली आहे. तेव्हा त्याच्याहून भरवशाचा माणूस आपल्याजवळ नसावा. तो रिकामी गाडी घेऊन हे पत्र पोचण्याआधी सिरसाळ्यास येईल व घडले ते सांगेल. परंतु आपल्या धाकाने तो अर्धे गिळील, म्हणून सर्व क्रमाने लिहिते.

गडाच्या पायथ्याशी लिंबाखाली आमची गाडी सोडली होती. दर्शन करून आजी सटव्याच्या खांद्याला धरून खाली आली. आई आणि ती एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मला वाटले होते, रडतील. आजी म्हणाली, “वच्छे, केस पिकलं की गं तुजं.” आई म्हणाली, “तुजंच घेतलंय.” मग दोघीही हसल्या, आणि हसताहसताच आईने डोळ्यांना पदर लावला.

बाबांनी पाण्याची घागर भरून आणली व ते बाजूला बसले. मी चाकू उघडून सटव्याच्या हाती दिला, आधी पाहा म्हणाले. त्याने पाहिला.

“तरंग हायेत,” तो म्हणाला. “पर मालक म्हन्ले, शाईचे आसतील.”

“मग तूच घास.”

“मी?”

“तूच. माझा हात नको, बाबांचा नको.”

सटव्याने कुरुंदाची पूड कातड्यावर घेतली, तेलाचे दोन थेंब टाकले आणि घासू लागला. यात्रेकरू थांबून पाहू लागले. कोणी विचारले, “काय इकायचंय का?” सटवा म्हणाला, “भांडन मिटवायचंय. तुमी व्हा म्होरं.” पण म्होरं कोणी झाले नाही. पाते हळूहळू पांढरे होत गेले. पाच वर्षांपूर्वी मांडवात निघाले होते, अगदी तसे. आजीने विचारले, “दिसतंय का काय?” सटवा म्हणाला, “न्हाई माय. कोरं झालं.” त्या वेळी बाबांनी तोंड फिरवले. तो चाकू त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा परका झाला होता.

मी शाई कोमट केली, कापसाच्या बोळ्याने पात्याच्या दोन्ही अंगांना लावली आणि थांबले. पुसले. पाते सपाट राखी होते. तरंग नव्हते.

मामा, त्या क्षणाविषयी मी अधिक लिहिणार नाही. एवढेच लिहिते की सटवाच हळूच म्हणाला, “गेलं वाटतं, ताईसाब.”

मी पाते नाकाशी नेले. करडईच्या तेलाचा वास आला. सटव्याने घासताना लावलेले तेल, आणि त्याहून अधिक म्हणजे माझ्या स्वतःच्या घामट बोटांचे ठसे, पात्यावर होते. शाई पोलादापर्यंत पोचलीच नव्हती. घरी मी हे कधी चुकले नसते. चार माणसे पाहत होती म्हणून राखेची पुरचुंडी सोडायला विसरले. मी ती सोडली. पाते ओल्या राखेने घासले, धुतले, पुन्हा घासले, पाणी त्यावर थेंबांनी न थांबता सलग पसरेपर्यंत घासले. मग मुठीलाच धरून, पात्याला बोट न लावता, पुन्हा शाई दिली.

“किती येळ?” बाबांनी विचारले. सकाळपासूनचा त्यांचा तो पहिलाच शब्द.

“तुमचे पान खाऊन होईपर्यंत,” मी म्हणाले.

त्यांनी पान काढले, पण लावले नाही. हातातच धरून बसले.

मग मी पुसले. आधी मुठीजवळ एक पांढरी रेघ दिसली, केसासारखी. मग तिच्या शेजारी दुसरी. मग जसजशी ओल वाळत गेली तसतसे सबंध पाते जागे झाले. मी ते कोणाला दाखवले नाही. सटव्याच्या हाती दिले. त्याने उन्हात तिरके धरले आणि एकदम म्हणाला, “आगं बाबौ!” मग खाली बसला, आणि आजीच्या हाती चाकू देऊन म्हणाला, “माय, तुमीच बगा. माज्यानं बगवत न्हाई. थोरलं मालक घोडीवरनं उतरलं की चाकू काढून सुपारी कातरायचं, ते डोळ्याम्होरं आलं.”

आजीला समोरचे दिसत नाही, पण डोळ्यांशी आणले की दिसते. तिने पाते अगदी नाकाला लागेल इतके जवळ धरले आणि इकडून तिकडे नेले. म्हणाली, “पान्यावरनं वारं गेल्यावानी. त्यांचाच हाय.” आणि मग बाबांकडे वळून, जावयाशी जन्मात जी कधी डोक्यावरचा पदर सोडून बोलली नाही ती म्हणाली, “सुंदरराव, आमचं चुकलं.”

बाबा उठून उभे राहिले. “तुमचं कावून?” म्हणाले. “तुमी तर मांडवात बी काय बोलला न्हवता.”

“न्हवते बोलले. तेच चुकलं.”

आता जे लिहिते, त्याकरिता सटव्यावर रागावू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. त्याने डोके खाजवले. मग म्हणाला, “एक सांगू का? मालकानं मला बजावलंय, की काय बी दिसलं तरी ‘न्हाई’ म्हनून ये. पर म्या आता काय करू? मला डोळे हायेत.” यात्रेकरूंत हशा पिकला. मी हसले नाही. मला त्या क्षणी कळले की आपण चाकू आजोबांचा नाही म्हणून नव्हे, तर असलाच तर काय, या भयाने आला नाहीत. मामा, ते भय मी समजू शकते. आजोबा गेले होते, त्यांची एकच वस्तू आपण हाती घेतलीत आणि ती अनोळखी निघाली. कोणाचाही तोल गेला असता. परंतु तोल एका दिवसाकरिता जातो. पाच वर्षांकरिता तो जात नाही. पाच वर्षे राग आपण धरून ठेवावा लागतो.

आजीने आईचा हात धरला. “चल आता घरी. झालं न्हवं मनासारखं?”

आई म्हणाली, “राधू तोंडानं म्हनू दे.”

“मी म्हनले की.”

“तू म्हनलीस. त्यानं न्हाई म्हनलं. मांडवात तू न्हाई बोललीस, तो बोलला.”

आजी संतापली. “त्यो तितं आडून बसलाय, तू हितं आडून बसलीस. मी काय दोगांच्या मदी गाडीच्या दांडीसारकी घासत ऱ्हाऊ? किती दीस राहिलेत माजे?” आई खाली पाहत राहिली, पण हलली नाही. मला तिचा त्या वेळी जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या परीक्षेच्या निकालाचाही वाटला नव्हता. पाच वर्षे जे माणूस माहेरच्या वाटेकडे पाहत आले, त्याने ती वाट समोर उघडी झाल्यावरही दिलेला शब्द मोडू नये, हे सोपे नाही.

तेव्हा आजीने जे केले ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तिने सटव्याला सांगितले, “माजं बोचकं त्या गाडीत टाक.” आणि आमच्या गाडीकडे बोट केले.

सटवा घाबरला. “माय, लेकीच्या घरी? मुक्कामाला? तुमी तर लेकीच्या दारात रात काडली न्हाई कदी.”

“न्हाई काडली. आता काडीन.”

“मालक मला जित्ता ठिवनार न्हाईत.”

“त्याला सांग, माय पळून गेली.”

बाबांनी तिला हात देऊन गाडीत बसवले. गाडीत तिने आमच्याच घागरीतले पाणी मागून घेतले आणि सर्वांसमोर प्याली. परतीच्या सबंध वाटेत आई तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. मी आईला दिवसा झोपलेली त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती.

आजी आता आमच्या ओसरीवर आहे. सकाळी भाकरी मऊ झाली नाही म्हणून वहिनीवर रागावते, दुपारी बाबांच्या पानातला चुना जास्त म्हणून त्यांच्यावर रागावते, आणि मला माझ्या चाकूंची पेटी काढायला लावून एकेक हाताळते. काल म्हणाली, “ह्यो धनगराचा मला दे. सुपारी कातरायला बरा हाय.” मी दिला.

हे पत्र लिहिताना तिने मला थांबवून, तिचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले आहे. म्हणून लिहिते:

“राधूला लिव्ह, की मी लई मजेत हाय. हितून हालायची न्हाई. माय पायजे आसंल तर बहिनीच्या दारात ये. आन् आलास की आदी बोल. मंग पानी पी.”

मी विचारले, “आजी, आणि मामा आलेच नाहीत तर?”

ती म्हणाली, “त्याला माय एकच हाय. यील.”

आपली भाची
तुळजा

हे पत्र बुधवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पाटोद्याच्या टपालकचेरीत मी स्वतःच्या हाताने दिले.